झांझिबारचं जुनं गाव ‘हाफ डे’त उरकू नका

प्रश्न असा आहे: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील असे पाच जण टांझानियातल्या झांझिबार बेटावर जाणार आहेत. आईचे गुडघे दुखरे, घर पूर्ण शाकाहारी. एजंटनं पाचही रात्री उत्तरेकडच्या नुंग्वीच्या किनाऱ्यावर लावल्या आहेत आणि तिथलं जुनं गाव, म्हणजे स्टोन टाउन, एका दिवशी सकाळी दहा ते एक असं ‘हाफ डे’मध्ये बसवलं आहे. एवढं पुरेल का, आणि त्या जुन्या गावात बघण्यासारखं असं काय आहे?

मी गेली सोळा वर्षं पुण्याहून मराठी मंडळींचे छोटे गट पूर्व आफ्रिकेत नेतो. सुरुवातीला मीही हेच दहा ते एक करायचो, म्हणून अनुभवानं सांगतो. तीन तास कमी पडतात ही नंतरची गोष्ट. मुळात ते तीन तासच चुकीचे आहेत. दहानंतर ऊन थेट गल्लीत उतरतं, गावातली माणसं सावलीला जातात आणि रस्त्यावर उरतात ते पर्यटक आणि त्यांच्या मागे लागणारे दलाल. दुसऱ्या वर्षी माझ्या गटातल्या एक काकू साडेअकरालाच इतक्या थकल्या, की चर्चच्या आवारात बसून राहिल्या आणि पुण्यात येऊन सगळ्यांना सांगत सुटल्या, “पडकी घरं आहेत हो नुसती!” त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या वेळेला ते गाव तसंच दिसतं.

तेव्हा पाचातल्या पहिल्या दोन रात्री गावात काढा आणि मग किनाऱ्यावर जा. पहिल्याच दोन का, तर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पहिल्या एक-दोन दिवशी पहाटे पाचलाच डोळे उघडतात, आणि आईवडिलांचे तर चारलाच. किनाऱ्यावर या जागरणाचा काही उपयोग नाही. गावात मात्र साडेसहाला बाहेर पडलात तर आख्खं गाव तुमचं. कोणी दारापुढे झाडत असतं, पांढऱ्या रुमालातल्या मुली आणि टोपी घातलेली मुलं शाळेला निघालेली असतात, आणि कोपऱ्यावर एखादी बाई वितुंबुआ तळत बसलेली असते. तांदूळ, नारळाचं दूध, वेलची. पात्रही आपल्या आप्पेपात्राच्या जातीचं. शाकाहारी माणसाची सकाळ तिथेच साजरी होते. साडेनऊ-दहाला परत खोलीवर या, दुपारी झोपा, चारनंतर पुन्हा निघा.

हे गाव, स्थानिक भाषेत म्जी म्कोंग्वे म्हणजे शब्दशः ‘जुनं गाव’, एका त्रिकोणी टोकावर वसलं आहे. दोन बाजूंना समुद्र, तिसऱ्या बाजूला पूर्वी खाडी होती. ती बुजवून तिचा रुंद रस्ता झाला, पण लोक त्याला अजून क्रीक रोडच म्हणतात. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वाकड्या की फोनवरचा नकाशा हमखास गोंधळतो. गोंधळू द्या. एकाच दिशेनं पंधरा-वीस मिनिटं चालत राहिलं की एकतर पाणी लागतं नाहीतर तो मोठा रस्ता. मी गटाला मुद्दाम अर्धा तास सोडून देतो, आजवर कोणी हरवलं नाही.

गल्ल्या अरुंद का, याचं उत्तर घरांच्या भिंतीत आहे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, चुन्यात बसवलेल्या, हातभर जाडीच्या. त्यांवर आडवे टाकतात ते खारफुटीचे वासे, त्यांना बोरिती म्हणतात. खारफुटीचा वासा सरळ मिळतो तो ठरावीक लांबीपर्यंतच, म्हणून खोलीची रुंदी तेवढीच आणि घरं लांबट. उंच भिंती जवळजवळ आल्या की भर दुपारचं डोक्यावरचं ऊन सोडलं तर गल्ली सावलीत राहते. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंट थापलं की खारट ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यांसारखा सुटतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचं जे झालं तेच. काकूंना जी ‘पडकी’ वाटली, त्यांतल्या बऱ्याच घरांचं दुखणं हे आहे. दुसरं दुखणं १९६४ चं. १० डिसेंबर १९६३ ला झांझिबार स्वतंत्र झालं आणि जेमतेम महिन्यानं, १२ जानेवारीला, क्रांती होऊन सुलतान गेला. अरब आणि भारतीय घरमालक मोठ्या संख्येनं मारले गेले किंवा पळाले, आणि एकेका घरात अनेक कुटुंबं राहायला आली. त्यानंतर दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न बराच काळ कोणाचाच नव्हता. २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव गेल्यावर हळूहळू हालचाल झाली.

आता दारं. इथे घाई करायची नाही. एजंटचा गाइड “पाचशेहून जास्त कोरीव दारं आहेत” असं म्हणत चालत राहील; तुम्ही एकाच दारापुढे दहा मिनिटं उभे राहा. चौकटीच्या तळाशी बघा, बहुतेक वेळा लाटा किंवा मासा असतो. त्यातून एक वेल वर चढत जाते, मध्ये कमळासारखं फूल, आणि अगदी बाहेरच्या कडेला बारीक साखळी कोरलेली, जणू घर बांधून ठेवलं आहे. वरची पट्टी सरळ असेल तर तिच्यावर अरबीत कुराणातली ओळ आणि कधी हिजरी सालही सापडतं. हा अरब-स्वाहिली थाट. वर कमान असेल आणि फळ्यांवर लहान लहान चौकोन असतील तर ते दार कच्छी-गुजराती वळणाचं. एका घराच्या दारात शाळेतून आलेल्या एका मुलानं दप्तर चक्क पितळी खिळ्याला अडकवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. हे खिळे हिंदुस्थानातून आले. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर अणकुचीदार खिळे आहेत ते हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. झांझिबारला धडक द्यायला हत्तीच नव्हता. खिळा पोचला, हत्ती मागे राहिला, आणि पुढे खिळ्यांची संख्या म्हणजे मालकाची ऐपत झाली.

दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीला लागून दगडी ओटा असतो, त्याला बराझा म्हणतात. तो आपलाच ओटा आहे, कट्टासुद्धा तोच. पाहुण्याला घरात न घेता बोलायची सोय, आणि पावसात गल्लीत पाणी वाहायला लागलं की त्यावरूनच चालायचं. आईंच्या गुडघ्यांना दर पन्नास पावलांवर बसायला जागा मिळेल, कोणी उठवणार नाही. तिथून जाणारा म्हातारा “करिबू” म्हणेल, म्हणजे या, बसा.

संध्याकाळी जॉज कॉर्नर नावाच्या चौकात असेच ओटे भरलेले असतात. पितळी किटलीतून हातात मावेल एवढ्या कपात काळी कॉफी मिळते, सोबत काशाता. पहिला तुकडा तोंडात गेला की मुलगी म्हणेल, “ही तर चिक्की!” शेंगदाण्याची चिक्की म्हणा किंवा नारळाची वडी म्हणा. मंडळी डॉमिनो आपटत असतात, त्या आवाजात राजकारण चालू असतं. तिथे अर्धा तास बसणं हे मी कुठल्याही संग्रहालयाच्या वर धरतो.

वाड्यांचं आणि राजांचं थोडक्यात सांगतो. ओमानी अरबांनी १६९८ मध्ये पोर्तुगिजांचा पाडाव केल्यानंतर इथला किल्ला बांधला, आणि सुलतान सय्यद सैद यानं १८४० च्या सुमारास मस्कतहून राजधानीच इथे हलवली. सुलतान बरघशनं १८८३ मध्ये बांधलेला ‘बैत-अल-अजाइब’ म्हणजे आश्चर्यांचा वाडा, वीज आणि लिफ्ट असलेला. डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती चालू असतानाच त्याचा मोठा भाग कोसळला, त्यात माणसंही गेली. तो बाहेरून बघायचा असंच धरून चला. शेजारच्या वाड्यावर इंग्रजांनी २७ ऑगस्ट १८९६ ला तोफा डागल्या आणि पाऊण तासाच्या आत युद्ध संपलं. मुलीला हे सांगा, तिला आवडेल.

गुलामांच्या बाजाराला मात्र सकाळची पहिली वेळ द्या, डोकं ताजं असताना. बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्याच जागेवर अँग्लिकन चर्च उभं राहिलं. फटके मारायचा खांब जिथे होता म्हणतात, तिथे आज वेदी आहे. बाहेर आवारात जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाच माणसांचे पुतळे आहेत, गळ्यात खऱ्या जुन्या साखळ्या. शिल्प १९९८ चं आहे. खड्ड्याच्या काठावर उभं राहून खाली बघावं लागतं आणि ते पुतळे वर बघत नाहीत. तळघरातल्या दोन कोठड्या दाखवतील आणि इथे इतके लोक कोंबत असं सांगतील. वरची इमारत बाजार बंद झाल्यानंतर मिशननं बांधलेली, त्यामुळे त्या कोठड्यांबद्दल अभ्यासकांना शंका आहे. शेजारचं प्रदर्शन मात्र चांगलं आहे, तिथे वेळ घालवा.

आपल्या लोकांना इथे आणखी एक गोष्ट सांगावी लागते. हुरुमझीच्या गल्लीतलं हिंदू मंदिर, लाकडी नक्षीच्या माड्या, कच्छी नावं बघून आपण खूश होतो. बंदरावर उभा असलेला जुना दवाखाना तर गावातली सगळ्यांत देखणी इमारत, थारिया तोपन या कच्छमधून आलेल्या खोजा व्यापाऱ्यानं १८८७ मध्ये पाया घातलेली. पण याच शेठ-सावकारांच्या भांडवलावर आतल्या मुलखात हस्तिदंताचे तांडे जायचे, आणि त्या तांड्यांबरोबर माणसंही विकायला यायची. टिपू टिप या कुप्रसिद्ध व्यापाऱ्याला तोपननंच पैसे पुरवले होते. जकातीचा मक्ता अनेक वर्षं जयराम शिवजींच्या पेढीकडे होता. माडी बघताना हेही माहीत असलेलं बरं. आमच्या गटात यावर एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, रात्रीच्या जेवणापर्यंत.

भाषेची मात्र गंमत आहे. किस्वाहिलीत पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, बंदराला ‘बंदारी’, विम्याला ‘बिमा’, बांगडीला ‘बंगिली’. आणि शंभर हजाराला ‘लाकी’! कापडवाल्यानं “लाकी मोजा” म्हटलं की एक लाख शिलिंग. लाखातच घासाघीस करा, दोघांनाही सोपं जातं. मोसमी वाऱ्यांवर हे शब्द आले: डिसेंबर ते मार्च ईशान्येचा कास्काझी आपल्याकडची गलबतं तिकडे न्यायचा आणि पुढे नैऋत्येचा कुसी ती परत आणायचा. आपला मॉन्सून म्हणजे त्यांचा कुसीच.

घड्याळाच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. पहिल्या वर्षी एका होडीवाल्यानं कागदावर ३ लिहून दिलं. मी आठ जणांना घेऊन दुपारी तीनला फोरोधानीच्या धक्क्यावर गेलो. तो बिचारा सकाळी नऊपासून तासभर वाट बघून निघून गेला होता. तेव्हापासून मी सहा तासांचा हिशोब तोंडानं बोलून घेतो आणि “असुबुही”, सकाळी, हे वदवून घेतो.

होडीवरून आठवलं: चांगू बेटावर महाकाय कासवं आहेत, सेशेल्सहून भेट आलेल्यांची पिल्लावळ. मुलीसाठी जरूर जा, अर्ध्या तासाचा प्रवास. पण होडीत चढताना-उतरताना बहुधा गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, आणि भरती-ओहोटीत फरक इतका मोठा की जाताना पाच पावलं असलेलं अंतर येताना पन्नास होतं. आजी-आजोबांना त्या सकाळी ओट्यावर बसवा.

मसाल्याच्या बागेची सहल सगळे गळ्यात मारतात. लवंगेनंच या बेटाला श्रीमंत केलं हे खरं, आणि लवंग वाळत घातली की रस्ताभर वास येतो. पण ज्याच्या आजोळी मिरीचे वेल आणि जायफळाचं झाड आहे, त्यानं दालचिनीची साल सोलून दाखवायचे डॉलर देऊ नयेत. देशावरची मंडळी असाल तर जा.

जेवणाचं. फोरोधानीच्या बागेत सूर्यास्तानंतर गाडे लागतात, त्यातले बहुतेक मासे आणि मांसाचे. शाकाहाऱ्यानं तिथे जायचं ते उसाच्या रसासाठी आणि बांधावरून समुद्रात उड्या मारणाऱ्या पोरांसाठी. सूर्य बुडत असताना एकेक पोरगा पळत येतो, हवेत कोलांटी घेतो आणि खाली गायब. पोट भरायला उरोजो खा: कैरीच्या आंबट-पिवळ्या रश्श्यात भजी, बटाटा, नारळाची चटणी, वर कसाव्याचा कुरकुरीत चुरा. मिसळ खाणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मात्र त्यात मांसाचे तुकडे किंवा अंडं टाकतात, म्हणून आधीच “सिली न्यामा, वाला समाकी, वाला यायी” म्हणायचं, म्हणजे मांस, मासे, अंडं काही खात नाही. दुपारी चपाती आणि नारळातला राजमा, म्हणजे ‘माहारागे या नाझी’, कुठेही मिळतो. शब्द चपातीच आहे, चीज मात्र लच्छा पराठ्यासारखी.

कधी जावं? मुलीच्या शाळेमुळे मे महिना मनात असेल तर सोडून द्या. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत ‘मासिका’चा मोठा पाऊस असतो आणि बरीच हॉटेलं बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत सरी येतात, पण येऊन जातात. जून ते ऑक्टोबर सगळ्यांत सुखाचे, डिसेंबर-जानेवारीत उकडतं पण चालतं. रमजान आहे का ते बघून घ्या. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणंपिणं बंद असतं, पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीत. एरवीही गावात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, बाबांची बर्म्युडा नुंग्वीसाठी ठेवा. माणसांचा फोटो विचारून.

कागदपत्रांत व्हिसा ऑनलाइन काढा. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारनं प्रवाशांना त्यांच्याच सरकारी कंपनीचा विमा सक्तीचा केला आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. आपला इथला विमा त्याऐवजी चालत नाही, आणि एजंटच्या कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो. केनियाची सफारी जोडणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. कार्ड नसेल तर परत भारतात उतरताना अडकवतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग २०१९ पासून टांझानियात बंद आहेत, चिवडा-लाडू डब्यात न्या.

सुरक्षिततेचं विचाराल तर चालताना मला दिवसा कधी भीती वाटली नाही. रात्री दहानंतर अंधाऱ्या गल्ल्या टाळतो एवढंच. त्रास आहे तो दलालांचा. गावकरीच त्यांना ‘पपासी’ म्हणतात, म्हणजे गोचीड. “फ्रेंड, हाकुना मताता” म्हणत चिकटतात. “हापाना, असांते”, म्हणजे नको, धन्यवाद, एवढं म्हणून पुढे चालायचं, थांबून समजावत बसायचं नाही. थांबलात की संपलं.

शेवटचं आणि तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. गावातली जुन्या वाड्यांची हॉटेलं सुंदर असतात, पण त्यांचे जिने शिडीसारखे उभे आणि लिफ्ट सहसा नाही. नाश्ता मात्र नेमका गच्चीवर. बुकिंग करतानाच तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली लेखी मागून घ्या आणि आईंचा नाश्ता खाली मिळेल का ते विचारा. तिथले जुने पलंगही उंच असतात, चढायला पायरी लागते. ती पायरीसुद्धा मागून ठेवा.